गालावर टेकलेलं बोट

आमच्या विणाई खात्यात कुणी कुणाला हाक मारत नाही. मारून उपयोगच नसतो. एका छपराखाली एकशेवीस माग चालतात, प्रत्येक मागात आडवा धागा नेणारा धोटा इकडून तिकडे आपटत असतो, आणि त्या खडखडाटात तुम्ही घसा फोडून ओरडलात तरी शेजारच्याला तुमचं फक्त उघडलेलं तोंड दिसतं. म्हणून मागावरची माणसं आवाज काढायच्या भानगडीतच पडत नाहीत. ओठ मोठमोठे हलवायचे, शब्द ओठांवर नीट मांडायचा आणि उरलंसुरलं हातांनी सांगायचं. नवीन माणसाला पहिला महिनाभर वाटतं, आपण वेड्यांच्या इस्पितळात आलोय. दुसऱ्या महिन्यात तोही तसाच बोलायला लागतो.

नावंसुद्धा खुणेची. मालकांची खूण म्हणजे मिशीला पीळ. मालकांना मिशी नाही, त्यांच्या वडिलांना होती, खूण तेवढी वारशानं आली. माझी खूण डोळ्यासमोर धरलेली चिमूट, कारण मी कापड तपासनीस. खात्याला लागून असलेल्या खोलीत, खालून दिवा लावलेल्या काचेच्या टेबलावर मी दिवसभर कापड ओढतो आणि दोष शोधतो. तुटलेला धागा, गाठ, विरळ पट्टा, तेलाचा डाग. सत्तावीस वर्षं हेच केलं. डोळे मिटून हात फिरवला तरी दोष सापडेल, अशी बढाई मी पूर्वी मारायचो. आता मारत नाही. का मारत नाही, तेच सांगायला बसलोय.

वहिनींची खूण म्हणजे भांगावरून फिरवलेलं बोट. त्यांचा भांग कधी रेषभर वाकडा झालेला मी पाहिला नाही. त्या चार माग सांभाळायच्या. हात धोट्यातल्या धाग्याच्या कांड्या बदलत असायचे आणि ओठ चाळीस पावलांवरच्या बाईशी गप्पा मारत असायचे. कुणाचं लग्न मोडलं, कुणाच्या घरात कोण फुगून बसलंय, कुणाचा पाय कशानं मुरगळला, सगळं एकशेवीस मागांच्या गोंगाटात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बिनआवाजी पोचायचं. मी मधलं दार उघडून उभा राहिलो की मलाही सोडायच्या नाहीत. "भाऊजी, काल माझ्या कापडात गाठ काढलीत म्हणे? तुमच्या डोळ्यातच असेल, धुऊन बघा."

त्यांचा नवरा माझा लहानपणापासूनचा मित्र. त्याला आम्ही पैलवान म्हणतो, कारण फुंकर मारली तर उडून जाईल असा आहे. तोही मागावरच. लग्न झालं, घर मांडलं, आणि सात वर्षं वाट पाहून एक मुलगी झाली. सात वर्षं. वहिनींनी या काळात काय काय ऐकून घेतलं ते त्यांनाच ठाऊक. मुलगी झाली त्या दिवशी पैलवान माझ्या टेबलापाशी आला आणि काचेवर डोकं टेकून रडला. खालच्या दिव्यानं त्याचं नाक लालभडक दिसत होतं. मी त्याला हसलो आणि मग मीही रडलो.

पोरीला सांभाळायला घरात तिसरं माणूस नव्हतं. म्हणून दोघांनी पाळ्या वाटून घेतल्या. वहिनी सकाळची, पैलवान दुपारची. एकजण कामावर, एकजण पोरीपाशी. घोळ फक्त अर्ध्या तासाचा होता. वहिनी दोनला सुटायच्या आणि पैलवानाला दीडला आत यावं लागायचं. तो अर्धा तास पोरगी माझ्याकडे. टेबलाच्या बाजूला कापडाचे तुकडे टाकायची मोठी टोपली होती, तीत मऊ तुकडे अंथरून मी तिला ठेवायचो. तीन महिन्यांची असल्यापासून रोज अर्धा तास ती माझी होती. माझं लग्न झालं नाही, मला लेकरू नाही. त्या अर्ध्या तासात मी बाप व्हायचो आणि दोन वाजता पुन्हा तपासनीस.

आणि पोरगी काय गुणी होती म्हणून सांगू! मधलं दार उघडलं की खात्यातला सगळा खडखडाट खोलीत घुसायचा, खिडकीची तावदानं थरथरायची, आणि ही टोपलीत मुठी वळून ढाराढूर. पाळी बदलायचा भोंगा डोक्यावर वाजायचा. हिची पापणी हलायची नाही. बायका मुद्दाम बघायला यायच्या. "माझ्या पोराला चमचा पडला तरी चालत नाही," एकीनं ओठांनी म्हटलं. वहिनींनी ऐटीत मान उडवली. "मागावरचं पोर आहे. पोटात असल्यापासून ऐकतंय." मीही त्यात भर घालायचो. पोर असावं तर असं, म्हणायचो. हे मीच म्हणायचो, हे मला विसरता येत नाही.

तिला नाव ठेवलं होतं. चांगलं लांबलचक, कागदावर शोभेल असं. पण तिच्या डाव्या गालाला खळी पडायची, म्हणून पहिल्या महिन्यातच खात्यानं तिची खूण ठरवून टाकली. गालावर बोट टेकायचं. टेकलं की ती. वहिनी घरीही तसंच करायच्या. पैलवान दुपारच्या पाळीनं थकून सकाळी उशिरापर्यंत झोपलेला असायचा, त्याची झोप मोडू नये म्हणून सुट्टीच्या सकाळीही घरात कुणी आवाज काढायचं नाही. आणि खरं सांगायचं तर मागावर पंधरा वर्षं काढलेल्या माणसाला आवाज काढायची आठवणच राहत नाही. कान हळूहळू जातात, कुणाला कळतही नाही. स्वतःला तर मुळीच नाही.

दीड वर्षाची झाली आणि ती बोलली. वहिनी दोन वाजता धावत माझ्या खोलीत आल्या, "भाऊजी, बघा, बघा, काल रात्री बोलली!" पोरीसमोर बसल्या, स्वतःच्या छातीवर हात ठेवला. पोरीनं त्यांच्याकडे टक लावून पाहिलं आणि ओठ हलवले. पहिल्यांदा मोठे उघडले, मग दोन्ही कोपऱ्यांकडे ताणले. आ, ई. स्वच्छ दिसलं. मी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या आठवड्यात माझ्याकडे बघून "काका" म्हणाली, तसंच. मग दूध, मग नको, मग दे. दोन वर्षांची असताना ती मला टेबलावरचा दोष दाखवायची आणि ओठांनी म्हणायची, "गाठ." एवढीशी पोर, एवढी चलाख. आवाज कुठाय, हा प्रश्न आमच्यापैकी एकालाही पडला नाही. का पडावा? आम्ही सगळे तसेच बोलत होतो.

हसताना खिदळायची. रडताना असं भोकाड पसरायची की रस्त्यावर ऐकू जावं. म्हणजे आवाज होता. मग आणखी काय तपासायचं?

साडेतीन वर्षांची झाली तेव्हा तिला बालवाडीत घातलं. पहिल्या दिवशी डबा, बाटली, नवे बूट, सोडायला पैलवान, आणि इकडे वहिनी पाळीभर दोन मागांवर चुकीच्या कांड्या लावत राहिल्या. पंधरा दिवसांनी बालवाडीच्या बाईंची तक्रार आली. पोरगी उद्धट आहे. हाक मारली तर वळत नाही. गाणी म्हणत नाही. बोलायला सांगितलं तर नुसते ओठ हलवते आणि मुलं हसतात.

वहिनींचा पारा चढला. "उद्धट? माझी पोर? त्या बाईंनाच बोलता येत नाही, ओठ मिटून पुटपुटतात. समोर येऊन नीट बोला म्हणावं." पण बाईंनी भेटायला बोलावलं तेव्हा मला म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही चला बरोबर. त्यांचं मला अर्धं कळत नाही."

बालवाडीची खोली लहान होती. भिंतीला रंगीत फळं चिकटवलेली, बारा मुलं सतरंजीवर बसून मातीचे गोळे करत होती. बाई तरुण होत्या, चिडलेल्या नव्हत्या, उलट घाबरलेल्या वाटल्या. त्या आम्हाला म्हणाल्या, "एक दाखवते." त्यांनी मुलांच्या पाठीमागे जाऊन पितळेची घंटा वाजवली.

अकरा माना वळल्या. एक वळली नाही.

मी ते पाहिलं. एका नजरेत पाहिलं, कारण माझं कामच ते आहे, शंभर धाग्यांत एक धागा वेगळा असला की डोळा तिथेच जातो. तीन वर्षं रोज अर्धा तास ही पोर माझ्या टेबलापाशी होती आणि माझा डोळा तिथे गेला नव्हता. वहिनी मात्र बाईंकडे बघून म्हणाल्या, "एवढी हळू वाजवली तर पोर कशी वळणार? मलाही नीट ऐकू आली नाही."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

परत येताना वहिनी रस्ताभर बाईंना नावं ठेवत होत्या. मी हो हो करत होतो. आपल्या बोलण्यात कानाच्या किती गोष्टी असतात हे मला त्या रस्त्यावर कळलं. कानाडोळा, कानउघाडणी, या कानानं ऐकून त्या कानानं सोडणं. एकही तोंडातून काढवेना.

रविवारी माग बंद असतात. खातं इतकं शांत असतं की छपरावरच्या कबुतरांचे पाय वाजतात. मी सुटीच्या दिवशी अधूनमधून उरलेलं कापड तपासायला जातो. त्या रविवारी वहिनी पोरीला घेऊन आल्या. भांग नेहमीसारखा सरळ, चेहरा मात्र पांढराफटक. पोरीला त्यांनी माझ्या टेबलापाशी बसवलं, पाठ दाराकडे करून, समोर रंगीत तुकडे टाकले. मला खुणेनं म्हणाल्या, तुम्ही काही करू नका, नुसतं बसा.

मग त्या दारापर्यंत मागे गेल्या आणि त्यांनी पोरीला हाक मारली.

कागदावरचं ते लांबलचक नाव. मी ते वहिनींच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. आवाज जाड होता, गंजल्यासारखा, मधेच फाटला. बऱ्याच दिवसांनी उघडलेल्या नळाला आधी हवा येते, मग पाणी, तसा. पोरगी लाल तुकडा निळ्यावर ठेवत होती. वहिनींनी पुन्हा हाक मारली. मग आणखी मोठ्यानं. कबुतरं उडाली. पोरीनं निळा तुकडा उचलून लालवर ठेवला.

वहिनी माझ्याकडे बघत होत्या. हळूच म्हणाल्या, "माझा आवाज आला का, भाऊजी?"

मला त्या वेळी मरण आलं असतं तरी चाललं असतं. त्यांना अजून आशा होती. आपलाच आवाज निघत नसेल, आपलेच कान गेलेत हे त्यांना कुठेतरी ठाऊक होतं, आणि त्या दोष स्वतःवर घ्यायला तयार होत्या, आनंदानं तयार होत्या. मी फक्त "नाही आला" म्हणायचं होतं.

"आला, वहिनी," मी म्हटलं.

त्या दारातच खाली बसल्या. तेवढ्यात पोरगी सहज मागे वळली, आई खाली बसलेली पाहून हसली आणि ओठांनी म्हणाली, "आई, ये. घर केलं."

पुढचं सगळं तपासण्यांचं. मोठ्या इस्पितळातल्या कानाच्या डॉक्टरांनी पोरीच्या कानांवर टोप्या चढवल्या, आवाज आला की मणी वाटीत टाकायचा असा खेळ मांडला. ती मणी हातात घेऊन डॉक्टरांच्या तोंडाकडे बघत बसली. वाटी रिकामी राहिली. मग डॉक्टर म्हणाले, आईचे कानही बघू. वहिनींना आवाज आला की बोट वर करायचं होतं. त्यांनी धडाधड बोटं वर केली, एकही चुकलं नाही. डॉक्टरांना शंका आली. वहिनी त्यांच्या भुवईकडे बघत होत्या. बटण दाबताना डॉक्टरांची भुवई किंचित हलत होती, आणि वहिनींच्या नजरेतून तेवढंही सुटत नव्हतं. मला त्या परिस्थितीतही हसू आलं. डॉक्टरांनी खुर्ची भिंतीकडे फिरवली. मग मात्र बोट खाली ते खालीच. अधूनमधून एकदा वर यायचं, घाबरत, आणि चुकीच्या वेळी.

पोरीचे कान जन्मापासूनच तसे होते. थोडंसं ऐकू येतं, अगदी थोडं. मागाचा त्यात काही दोष नाही, असं डॉक्टर म्हणाले. "पण आधी आणायला हवं होतं. पहिल्या वर्षात यंत्र लावलं असतं तर आज पुष्कळ बोलली असती. इतके दिवस तुमच्या लक्षात कसं आलं नाही?"

मला वहिनींना हे शेवटचं सांगायचं नव्हतं. पण त्यांना कुठे सांगावं लागतं? त्यांनी डॉक्टरांच्या ओठांवरून सगळं वाचलं होतं. बाहेर बाकावर बसल्यावर म्हणाल्या, "ती जन्मानं बहिरी. पण मुकं मी केलं तिला. दुसऱ्या कुठल्याही घरात असती तर महिन्याभरात कळलं असतं. आया हाका मारतात हो, पोरांना. मी कधी मारलीच नाही."

मी म्हटलं, "मीही कधी मारली नाही."

"तुमचं काय, भाऊजी. तुम्ही अर्ध्या तासाचे."

त्या बोलण्यात राग नव्हता. पण ते मला लागलं, आणि अजून लागतं.

पैलवानानं आधी मानलंच नाही. मग मानलं आणि भलतंच बोलायला लागला. "काय बिघडलंय तिचं? तिला सगळं कळतं, आपल्याला तिचं सगळं कळतं. मोठी झाली की मागावर लावू. तिथे कोण कुणाचं ऐकतंय? सगळ्यांत भारी विणकर होईल बघ." तो मनापासून बोलत होता, बिचारा. आणि त्याचं चुकतही नव्हतं. साऱ्या जगात ती एकशेवीस मागांची खोली अशी होती की तिथे आमची पोर कुणापेक्षा कमी नव्हती.

वहिनींनी हातातलं भांडं ओट्यावर आदळलं आणि मोठ्यानं, आवाज काढून म्हणाल्या, "नाही!" त्या घरात तो शब्द असा वाजला की पैलवान दचकला. मग ओठांनी म्हणाल्या, "मला तिची हाक पाहिजे. एकदा मला आई म्हणू दे, आवाजानं. मग तिला काय व्हायचं ते होऊ दे."

शाळा शोधण्यात वर्ष गेलं. कर्णबधिर मुलांची शाळा सापडली ती बसनं तीन तासांवर होती. लहान मुलांचा वर्ग होता, पण सोमवार ते शुक्रवार तिथेच राहायचं. पोरगी तेव्हा पाचाला दोन महिने कमी होती. अंथरुणात अजून आईच्या कोपराला धरून झोपायची. तिला सोडायला आम्ही तिघेही गेलो. तिथल्या बाई वयस्क होत्या, त्यांनी तिच्याशी पाच मिनिटं ओठांनी गप्पा मारल्या आणि आमच्याकडे वळल्या. "इथे येणाऱ्या बहुतेक मुलांना काहीच येत नाही. पाणी हा शब्दसुद्धा नसतो डोक्यात. हिला भाषा आहे. ही कुणी शिकवली?" पैलवानानं वहिनींकडे बोट केलं. वहिनींनी मान वळवली. ती एक चांगली गोष्ट त्या दिवशी कुणी बोललं, आणि ती त्यांनी मुद्दाम बघितली नाही.

निघताना फाटकापाशी दुसऱ्याही आया होत्या. त्या रडत होत्या, ओरडून सांगत होत्या, शहाण्यासारखी वाग, जेव नीट. खिडकीतली मुलं नुसती बघत होती. आमची मात्र बोलत होती. बसथांबा रस्त्याच्या पलीकडे, मधे अख्खं मैदान, आणि तिथून वहिनी मोठे ओठ करून म्हणाल्या, "दूध पी. बूट स्वतः घाल." खिडकीतून उत्तर आलं, "तू रडू नको." "मी कुठे रडतेय?" "दिसतंय मला." बस येईपर्यंत पाऊण तास दोघी बोलत होत्या. पैलवान पलीकडे तोंड करून उभा होता.

त्यानंतरचे महिने वहिनींनी शनिवार मोजत काढले. खात्यात त्यांच्या गप्पा बंद झाल्या. चाळीस पावलांवरची बाई ओठ हलवून हलवून दमली. पोरगी शुक्रवारी संध्याकाळी यायची, कानांमागे दोन लहान यंत्रं, आणि वहीत काढलेली तोंडं. आ म्हणताना तोंड असं, ई म्हणताना असं. पण घरी आली की आवाज काढायची नाही. घरात तिला आवाजाची गरजच नव्हती. वहिनी आशेनं बघत राहायच्या, मागायच्या मात्र नाहीत. "तिला वाटेल तेव्हा," म्हणायच्या. "मी काही पाच वर्षं घाई केली नाही, आता कशी करू?"

परवाच्या शनिवारची गोष्ट. मी दुपारी त्यांच्याकडे बसलो होतो. पैलवान कामावर होता. वहिनी खिडकीकडे तोंड करून बटाटे सोलत होत्या, मी पाटावर बसून पेपर चाळत होतो. पोरगी बाहेरच्या खोलीतून आली आणि उंबऱ्यावर थांबली. तिनं पाय जुळवले. शाळेत शिकवलं असणार, कारण तिनं खांदे वर उचलून श्वास घेतला आणि आईच्या पाठीकडे बघून म्हणाली, "आई."

आवाजानं म्हणाली. आ लांब होता, नाकातून आलेला, आणि ई शेवटी घसरली. पण हाक होती. कुठल्याही घरात कुठलीही आई ऐकून वळली असती.

वहिनींची सुरी चालू होती. साल सुटून भांड्यात पडत होतं.

पोरगी थांबली. पुन्हा म्हणाली, जास्त जोरात. साल सुटतच होतं. मग तिनं माझ्याकडे पाहिलं. चेहरा पडला होता. ओठांनी मला विचारलं, "आवाज आला का, काका?"

तेच तोंड, तोच प्रश्न. मी इस्पितळातल्यासारखं बोट वर केलं. आला.

तिला ते पटलं नाही. आला तर आई वळली का नाही? तिनं तो विचार तिथेच सोडून दिला, खांदे खाली टाकले, आणि कालपर्यंत जे करत होती तेच केलं. आईच्या समोर गेली, तिचा कोपर ओढला आणि स्वतःच्या गालावर बोट टेकलं. मी आहे. वहिनी हसल्या, ओठांनी म्हणाल्या, "काय गं? भूक लागली?" पोरीनं नाही म्हणून मान हलवली आणि हात पुढे केला, एक बटाटा सोलायला दे म्हणून.

मी गप्प बसायला हवं होतं की काय, मला अजून कळत नाही. पण एकदा मी गप्प राहिलो होतो, वर्षानुवर्षं. मी उठून वहिनींच्या समोर जाऊन उभा राहिलो. "वहिनी, तिनं हाक मारली. दोनदा. आवाजानं."

सुरी भांड्यात पडली. "कधी?"

"आत्ता. तुमच्या पाठीमागून."

त्यांनी पोरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्या रडतील असं मला वाटलं, पण त्या रडल्या नाहीत. "कशी होती?" त्यांनी विचारलं.

मी गाठ कशी आहे ते सांगू शकतो, पट्टा किती बोटं विरळ आहे ते सांगू शकतो. यावर काय सांगू? "जाडसर," मी म्हटलं. "मधे थोडी फाटली. तुमच्या आवाजासारखी आहे."

वहिनी खाली बसल्या. हात पुसले. पोरीला म्हणाल्या, "पुन्हा म्हण." पोरीनं तोंड उघडलं, तशी त्यांनी झटकन तिचे खांदे धरले आणि तिला फिरवलं, पाठ स्वतःकडे आणि तोंड माझ्याकडे करून. मला क्षणभर कळलं नाही. मग कळलं. समोर असती तर त्यांनी ती हाक ओठांवरून वाचली असती, जशी साडेतीन वर्षं वाचत आल्या होत्या. त्यांना ती वाचायची नव्हती.

पोरगी माझ्याकडे बघत म्हणाली, "आई."

मी बोट वर केलं. तिच्या डोक्यावरून वहिनी माझ्या बोटाकडे बघत होत्या, डोळ्याची पापणी न लववता. बोट खाली घेतलं, त्यांनी पोरीच्या खांद्यावर हलकेच थोपटलं. ती पुन्हा म्हणाली. मी पुन्हा बोट वर केलं. पोरीला तो खेळ वाटला, ती हसायला लागली, हसता हसता म्हणत राहिली, कधी मोठ्यानं, कधी हळू, आणि जितकी हळू म्हणायची तितकं मी बोट जपून वर करायचो, कारण एकही सुटून चालणार नव्हती. उजवा हात भरून आला तेव्हा मी डाव्या हाताचं बोट वर केलं.